लहरींची पीकपाहणी

२००४-०५ च्या सुमारास अमेरिकेत ‘शेअर्ड स्पेक्ट्रम’ नावाच्या कंपनीने सहा ठिकाणी यंत्रे लावून रेडिओलहरींची मोजणी केली. ३० मेगाहर्ट्झपासून ३ गिगाहर्ट्झपर्यंतचा पट्टा तिने ऐकला. एफएम रेडिओ, टीव्ही, पोलिसांची बिनतारी यंत्रणा, मोबाइल, विमानतळांवरची रडारे असे बहुतेक सगळे या पट्ट्यात येते. सरासरी वापर निघाला ५.२ टक्के. सर्वाधिक वापर न्यूयॉर्कमध्ये होता, तोही १३.१ टक्केच, आणि तिथली मोजणी रिपब्लिकन पक्षाचे राष्ट्रीय अधिवेशन शहरात भरलेले असताना झाली होती. सर्वांत कमी वापर वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्रीन बँक या गावी आढळला, जेमतेम १ टक्का.

हे आकडे पुढे फार गाजले. कागदावर सगळा स्पेक्ट्रम वाटून संपला आहे, प्रत्यक्षात मात्र बहुतेक ठिकाणी आणि बहुतेक वेळ तो ओस पडलेला असतो, म्हणजे टंचाईची ओरड खोटी आहे, असा त्यांचा अर्थ लावला गेला. मला त्यातला ग्रीन बँकचा १ टक्का जास्त बोलका वाटतो. त्या गावात जगातल्या अतिशय संवेदनशील रेडिओ दुर्बिणींपैकी एक आहे. तिथल्या खगोलनिरीक्षणासाठी १९५८ साली सुमारे ३४ हजार चौरस किलोमीटरचा प्रदेश ‘राष्ट्रीय रेडिओ शांतता क्षेत्र’ म्हणून राखून ठेवण्यात आला. तिथे प्रक्षेपण जवळपास होत नाही, कारण तिथे ऐकण्याचे काम अखंड चालते. मोजणीने जी जागा सर्वांत रिकामी ठरवली, तिथे लहरींचा वापर सर्वांत कसून होत होता.

पट्टा रिकामा आहे की नाही हे यंत्राने ऐकून जागच्या जागी ठरवावे, या कल्पनेवर गेल्या पंचवीस वर्षांत अफाट बुद्धी खर्च झाली आहे. माझ्या मते ऐकण्याचे हे तंत्र चुकीच्या कामाला जुंपले गेले. प्रत्येक उपकरणाच्या माथी ते मारण्याऐवजी सार्वजनिक मोजणीसाठी त्याचा वापर व्हायला हवा होता. भारतात २०२३ च्या दूरसंचार कायद्यानंतर हा वाद प्रयोगशाळेपुरता उरलेला नाही, म्हणून तो सविस्तर मांडायला हवा.

मूळ कल्पना मोहक होती, हे आधी कबूल करू. १९९९ मध्ये जोसेफ मिटोला यांनी ‘कॉग्निटिव्ह रेडिओ’ ही संज्ञा मांडली. भोवताली काय चालले आहे हे जाणणारा, त्यातून शिकणारा आणि त्यानुसार आपली वारंवारिता, शक्ती, बोलण्याची पद्धत बदलणारा रेडिओ त्यांच्या डोळ्यांसमोर होता. २००२ च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनच्या, म्हणजे एफसीसीच्या, स्पेक्ट्रम धोरण कृतिगटाने अहवाल दिला की खरी अडचण लहरींच्या कमतरतेपेक्षा त्या मिळवण्याच्या जुन्या नियमांत आहे. २००५ मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाचे सायमन हेकिन यांनी या कल्पनेला गणिती बैठक दिली. परवाना ज्याच्या नावे आहे तो मूळ वापरकर्ता, आणि तो नसताना तेवढ्यापुरता येणारा तो दुय्यम. दुय्यमाने आधी चाहूल घ्यावी, कोणी नसेल तर बोलावे आणि मालक येताच मुकाट्याने बाजूला व्हावे. या चाहूल घेण्यालाच स्पेक्ट्रम सेन्सिंग म्हणतात.

ऐकायला हे साधे वाटते. कोणी बोलत असेल तर ऐकू येईलच की! इथेच भौतिकशास्त्र आडवे येते.

मालकाचे टॉवर डोंगराआड किंवा इमारतींआड असेल, तर दुय्यम उपकरणापर्यंत त्याचा आवाज फारच क्षीण होऊन पोचतो. पण त्याच परिसरात, उंच अँटेना लावलेल्या घरात, टीव्ही व्यवस्थित दिसत असतो. उपकरण ‘कोणी नाही’ असे समजून बोलू लागले तर त्या घरातला टीव्ही बिघडतो. म्हणून उपकरणाचे कान घरच्या टीव्हीपेक्षा कितीतरी तिखट असावे लागतात. २००८ मध्ये एफसीसीने ही पातळी उणे ११४ डीबीएम ठरवली, म्हणजे सुमारे ४ फेम्टोवॅट. एका वॅटला हजाराने पाच वेळा भागले की १ फेम्टोवॅट होतो. आता गंमत अशी की, अमेरिकी टीव्हीच्या ६ मेगाहर्ट्झ रुंद वाहिनीत नेहमीच्या तापमानाला केवळ इलेक्ट्रॉनांच्या हालचालीने जो गोंगाट तयार होतो, तोच सुमारे २४ फेम्टोवॅट भरतो. उपकरणाच्या स्वतःच्या मंडलाचा गोंगाट वेगळाच. म्हणजे गोंगाटाच्या सहाव्या भागाएवढा आवाज त्याच गोंगाटातून ओळखायचा.

सर्वांत सोपी रीत म्हणजे ऊर्जा मोजणे. हॅरी अर्कोविट्झ यांनी १९६७ मध्येच तिचे गणित मांडून ठेवले होते. ठरावीक वेळ ऐका, किती ऊर्जा आली ती बेरीज करा, ती नेहमीच्या गोंगाटापेक्षा जास्त असेल तर कोणीतरी आहे असे समजा. जितका जास्त वेळ ऐकाल तितका निर्णय अचूक, अशी पाठ्यपुस्तकी समजूत. राहुल तंद्रा आणि अनंत सहाय या बर्कलीच्या दोघा संशोधकांनी २००८ मध्ये दाखवले की ही समजूत एका टप्प्यानंतर कोसळते. नेहमीचा गोंगाट नेमका किती हेच उपकरणाला पक्के माहीत नसते. तापमान बदलते, सुटे भाग जुने होतात, शेजारच्या वाहिन्यांची गळती येते. हा अंदाज अवघ्या एका डेसिबलने इकडेतिकडे असला, तर गोंगाटाच्या साधारण निम्म्याहून क्षीण असलेला सिग्नल ऊर्जा मोजून ओळखता येत नाही. मिनिटभर ऐका की वर्षभर ऐका, तिथे भिंत आहे. निम्म्यालाच भिंत आणि नियम मागतो सहावा भाग!

भिंत ओलांडण्याचे मार्ग निघाले, नाही असे नाही. मानवनिर्मित सिग्नलांत ठरावीक काळाने पुन्हा येणारे आकृतिबंध असतात, गोंगाटात ते नसतात. अमेरिकी डिजिटल टीव्हीच्या प्रक्षेपणात तर एक कायमचा सूर, पायलट, मिसळलेला असतो. तो नेमका शोधला तर फार क्षीण प्रक्षेपणही पकडता येते. पण नाटकाच्या रंगमंचावरचा किंवा चर्चमधला वायरलेस माइक टीव्हीच्याच पट्ट्यात चालतो, त्याची शक्ती अगदी कमी असते आणि त्याच्या सिग्नलला एकच एक ठरलेला साचा नसतो. त्याला ओळखणार कसे? अनेक उपकरणांनी मिळून ऐकावे, एकमेकांना सांगावे, बहुमताने ठरवावे अशी सहकारी सेन्सिंगची कल्पनाही पुढे आली. त्यावर शोधनिबंधांचे ढीग आहेत. तरीही त्यातले एखादे उपकरण बिघडलेले किंवा खोटे सांगणारे निघाले तर काय, हा प्रश्न राहतोच.

या तंत्रचर्चेत एक गोष्ट दडून राहते. ऐकणाऱ्या यंत्राच्या हातून दोन प्रकारच्या चुका होऊ शकतात. मालक असताना ‘नाही’ म्हणणे ही एक, आणि नसताना ‘आहे’ म्हणणे ही दुसरी. निर्णयाची रेषा खाली आणली की पहिली चूक घटते, दुसरी वाढते. वर नेली की उलट होते. टीव्हीच्या पट्ट्यातल्या ग्रामीण ब्रॉडबँडसाठी २०११ मध्ये आलेल्या आयईईई ८०२.२२ या मानकात मालक ओळखण्याची शक्यता किमान ९० टक्के, खोट्या चाहुलीची शक्यता कमाल १० टक्के आणि ऐकण्याला २ सेकंदांची मुदत धरलेली आहे. हे आकडे अभियांत्रिकीचे दिसतात. पण ९० ऐवजी ९९ का नको, किंवा ८० का नको, याचे उत्तर कोणत्याही समीकरणात नाही. पहिल्या चुकीचा भुर्दंड मालकाला पडतो, दुसऱ्या चुकीचा नव्याने येऊ पाहणाऱ्याला. रेषा कुठे ओढायची म्हणजे नुकसान कोणी सोसायचे, हे ठरवणे आहे. हा हक्काचा प्रश्न आहे आणि तो डेसिबलच्या भाषेत बोलला की निवडून आलेल्या माणसांच्या डोक्यावरून जातो.

अमेरिकेत हा प्रश्न डोक्यावरून गेला नाही, कारण मालक संघटित होते. टीव्ही वाहिन्यांमधल्या मोकळ्या जागा, ज्यांना तिकडे व्हाइट स्पेस म्हणतात, त्या परवान्याविना वापरू द्याव्यात म्हणून गुगल आणि मायक्रोसॉफ्ट पुढे झाले. प्रसारकांची संघटना कडाडून विरोधात उभी राहिली. २००७ मध्ये एफसीसीच्या प्रयोगशाळेत मायक्रोसॉफ्टच्या नमुना-उपकरणाला टीव्ही प्रक्षेपण खात्रीने ओळखता आले नाही. उपकरणच नादुरुस्त होते, असा खुलासा कंपनीने नंतर केला. पुढच्या वर्षी लोकगायिका डॉली पार्टन यांनी नाटक-संगीताच्या धंद्यातर्फे आयोगाला पत्र लिहून वायरलेस माइकांची काळजी व्यक्त केली. ओबामा निवडून आले त्याच दिवशी, ४ नोव्हेंबर २००८ रोजी, आयोगाने मंजुरी दिली. पण अट घातली दुहेरी: उपकरणाने ऐकलेही पाहिजे आणि आपले ठिकाण सांगून डेटाबेसला विचारलेही पाहिजे. दोन वर्षांनी, सप्टेंबर २०१० मध्ये, डेटाबेसला विचारणाऱ्या उपकरणांसाठी ऐकण्याची सक्ती काढून टाकण्यात आली. माइकवाल्यांसाठी दोन वाहिन्या वेगळ्या राखून त्यांची समजूत घालण्यात आली.

इतक्या वर्षांच्या संशोधनाचा असा निकाल लागला. कान हरले आणि डेटाबेसची वही जिंकली. २०२० मध्ये अमेरिकेने ६ गिगाहर्ट्झचा १२०० मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा वाय-फायसाठी खुला केला, तेव्हाही जास्त शक्तीच्या उपकरणांना वहीलाच विचारायला सांगितले.

वहीच्या बाजूने बोलण्यासारखे खूप आहे. टीव्हीचे टॉवर वर्षानुवर्षे जागचे हलत नाहीत. ते कुठे आहेत, किती शक्तीने कोणत्या वाहिनीवर बोलतात हे सरकारला ठाऊक असते. जे आधीच ठाऊक आहे ते फेम्टोवॅटमध्ये चाचपडत शोधायचे कशाला? शिवाय वहीला एक गोष्ट कळते जी कानाला कधीच कळणार नाही. सेन्सिंगने बोलणारा सापडतो. त्रास मात्र ऐकणाऱ्याला होतो. घरचा टीव्ही स्वतः काही प्रक्षेपित करत नाही. (संचाच्या आतल्या आंदोलकातून किंचित गळती होते आणि ती पकडता येईल, असे बर्कलीच्याच संशोधकांनी २००५ मध्ये सुचवले होते. ब्रिटनमध्ये परवान्याविना टीव्ही पाहणारे हुडकायला गाड्या फिरत, त्या याच गळतीच्या मागावर असत. पण मोठ्या प्रमाणावर हे जमणारे नाही.)

आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर जुन्नर तालुक्यातल्या खोडदचे घ्यावे. तिथे गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना, काही मध्यभागी आणि बाकीच्या सुमारे पंचवीस किलोमीटर परिसरात पसरलेल्या. तिच्या सुधारित यंत्रणेचे दोन पट्टे २५० ते ५०० आणि ५५० ते ८५० मेगाहर्ट्झ असे आहेत. म्हणजे टीव्हीच्या ज्या पट्ट्यात ‘मोकळी जागा’ शोधायची, त्यातला बराच भाग ही दुर्बीण ऐकत असते. खोडदच्या रस्त्यावर एखादा कॉग्निटिव्ह रेडिओ ठेवला तर त्याला आसपास नीरव शांतता आढळेल आणि तो नियमाला धरून, प्रामाणिकपणे, नको तिथे बोलू लागेल. कितीही तिखट कान दिले तरी हा दोष जाणार नाही. तिथे ‘इथे कोणी ऐकत आहे’ अशी नोंदच लागते.

तरीही वहीवाल्यांचा विजय मला पुरा मान्य नाही, आणि त्याला कारणे आहेत.

पहिले कारण वहीतच सापडले. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या प्रसारक संघटनेने व्हाइट स्पेसच्या डेटाबेसमधल्या नोंदी तपासून आयोगाकडे तक्रार केली. उपकरणांच्या मालकांच्या रकान्यात ‘जॉन डो’सारखी, आपल्याकडे ‘अमुक तमुक’ म्हणावे तशी नावे होती. फोन नंबरच्या जागी फुल्या होत्या, ठिकाणे चुकीची होती. तक्रारदार या तंत्राचा जुना विरोधक होता हे खरे, पण नोंदी त्याने लिहिलेल्या नव्हत्या. कागद सांगेल ते प्रमाण मानायचे आणि कोणीही बाहेर जाऊन पाहायचे नाही, अशी व्यवस्था असली की हे व्हायचेच.

दुसरे कारण नौदलाचे. ३५५० ते ३७०० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात अमेरिकी युद्धनौकांची रडारे चालतात. विमानवाहू जहाज उद्या कोणत्या किनाऱ्याजवळ असेल हे नौदल कोणत्याही वहीत लिहून देणार नाही. म्हणून २०१५ मध्ये सीबीआरएस या नावाने हा पट्टा वाटून वापरायचे ठरले तेव्हा किनाऱ्यावर ऐकणारी केंद्रे बसवावी लागली. केंद्राला रडारची चाहूल लागली की त्याने व्यवस्थापक यंत्रणेला कळवायचे आणि ३०० सेकंदांच्या आत त्या भागातली उपकरणे गप्प झाली पाहिजेत किंवा दुसरीकडे सरकली पाहिजेत. २०२० पासून हे प्रत्यक्षात चालू आहे. त्यातली विसंगती पाहण्यासारखी आहे. या केंद्रांना नीट ऐकू यावे म्हणून त्यांच्याभोवतीच्या उपकरणांना हळू आवाजात बोलावे लागते. लहरी मोकळ्या करण्यासाठी कान बसवले आणि त्या कानांसाठी पुन्हा लहरी अडवल्या! तरीसुद्धा इथे सेन्सिंग चालले, आणि ते का चालले हे महत्त्वाचे आहे. ऐकण्याचे काम कोट्यवधी स्वस्त उपकरणांकडे दिलेले नाही. ते मोजक्या, तपासून प्रमाणित केलेल्या, जागा निवडून बसवलेल्या केंद्रांकडे आहे.

उलट बाजू बघायची तर ५ गिगाहर्ट्झच्या वाय-फायकडे पाहावे. २००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेने हा पट्टा वाय-फायला देताना अट घातली की उपकरणाने रडारची चाहूल घ्यावी, सापडले तर वाहिनी सोडावी आणि तीस मिनिटे तिकडे फिरकू नये. विमानतळाजवळ अचानक कोसळणारे वारे टिपणारी हवामान रडारे याच पट्ट्यात ५६०० ते ५६५० मेगाहर्ट्झवर चालतात. २००९ मध्ये पोर्टो रिकोतल्या सान हुआनच्या रडारवर खोट्या रेषा उमटू लागल्या. शोध घेता बाहेर लावलेली ५ गिगाहर्ट्झची बिनतारी इंटरनेट उपकरणे सापडली. पुढे अशा अनेक प्रकरणांत दिसले की चाहूल घेण्याची सोयच बंद करून टाकलेली होती. सेटिंगमध्ये देश बदलला की झाले. एफसीसीने दंड ठोठावले. ज्याला बोलण्यात फायदा आहे त्याच्याच हाती कान दिले तर तो कानात बोळे घालणार, हे कळायला खरे तर रडारची गरज नव्हती.

इथे अर्थशास्त्रज्ञ पुढे येतात आणि म्हणतात, हा सगळा खटाटोप कशाला? रोनाल्ड कोस यांनी १९५९ मध्ये म्हटलेच होते की लहरींवर मालकी हक्क द्या, खरेदी-विक्री होऊ द्या, ज्याला जास्त गरज तो विकत किंवा भाड्याने घेईल. तेव्हा एका आयुक्ताने त्यांना ‘ही थट्टा आहे का’ असे विचारले होते. १९९४ पासून अमेरिकेत लिलावच सुरू झाले. कोस यांचा युक्तिवाद धारदार आहे आणि सरकारी मर्जीने होणाऱ्या वाटपापेक्षा लिलाव बरा, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१२ मध्ये टू-जीचे १२२ परवाने रद्द केले तेव्हा आपल्याला पुरते कळले. पण बाजार ओसाड जागा आपोआप भरतो, हा दावा भारतात टिकत नाही. ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा लांब पोचणारा, भिंतींतून आत शिरणारा, ग्रामीण भागासाठी सोन्यासारखा. २०१६ च्या लिलावात त्याला एकही बोली लागली नाही. २०२१ मध्येही नाही. राखीव किंमत इतकी चढी होती की विकण्यापेक्षा पडून राहिला. २०२२ मध्ये सुमारे दीड लाख कोटी रुपयांचा लिलाव झाला, त्यात हा पट्टा एकदाचा गेला. पण ६०० मेगाहर्ट्झकडे कोणी फिरकले नाही.

या लिलावांच्या सुमारास शेजारच्याच पट्ट्यात काय उपलब्ध होते तेही पाहा. आयआयटी मुंबईच्या गौरांग नाईक, सुदेश सिंघल, अनिमेष कुमार आणि अभय करंदीकर यांनी २०१४ मध्ये ४७० ते ५९० मेगाहर्ट्झ या टीव्ही पट्ट्याचा उत्तर विभाग वगळता देशभर हिशेब मांडला. १२० मेगाहर्ट्झपैकी सरासरी १०० हून अधिक मोकळे निघाले. दूरदर्शनच्या वाहिन्यांची फेररचना केली तर चार वाहिन्यांत, म्हणजे ३२ मेगाहर्ट्झमध्ये, सगळे काम भागते असेही त्यांनी दाखवले. पालघर जिल्ह्यात खामलोळी परिसरातल्या गावांत या मोकळ्या पट्ट्यावरून इंटरनेट नेऊन दाखवले. प्रयोग झाला, गाडी त्यापलीकडे गेली नाही. गावांना जोडण्याची मोकळी वाट हाताशी असताना ती वर्षानुवर्षे बंद ठेवणे हा माझ्या मते सरळसरळ अपव्यय आहे. १९९५ मध्ये क्रिकेट प्रसारणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असे म्हटले होते. सार्वजनिक मालमत्ता इतकी वर्षे पडीक ठेवल्याचा जाब कोणी विचारला नाही, कारण ती पडीक आहे हे सिद्ध करणारी अधिकृत मोजणीच नव्हती.

सातबारा हाताळलेल्या वाचकाला हे पटकन कळेल. गाव नमुना सात जमीन कोणाची ते सांगतो, नमुना बारा त्यात या हंगामात काय पेरले आहे ते. लहरींच्या बाबतीत आपल्याकडे सात आहे, बारा नाही. परवाना कोणाच्या नावे, किती मेगाहर्ट्झ, किती वर्षे, हे सगळे नोंदलेले आहे. त्या पट्ट्यावर मेळघाटात किंवा गडचिरोलीत प्रत्यक्ष काही चालते की नाही, याची नागरिकाला पाहता येईल अशी नोंद कुठेही नाही. सेन्सिंगचे खरे काम हे आहे. बारा भरण्यासाठी गोंगाटाच्या सहाव्या भागातला आवाज दोन सेकंदांत पकडायची गरज नसते. चांगली यंत्रे, उंच जागा, महिनोन्महिन्यांची नोंद एवढे असले की तंद्रा-सहाय यांची भिंत आडवी येत नाही, कारण इतका क्षीण आवाज पकडायचाच नसतो आणि निर्णय एका यंत्रावर अवलंबून नसतो. खोडदसारख्या ऐकणाऱ्यांची नोंद मात्र सातमध्येच झाली पाहिजे. ते बारामध्ये कधीच दिसणार नाहीत.

पीकपाहणीचा इतिहास इथे सावधही करतो. चावडीत बसून मागच्या वर्षीचेच पीक उतरवून काढल्याच्या तक्रारी महाराष्ट्राला नव्या नाहीत. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली, ती शेतकऱ्याने शेतात उभे राहून फोटोसह नोंद करावी म्हणून. कंपन्यांकडून भरून घेतलेले वापराचे तक्ते हीदेखील चावडीतली पीकपाहणीच होईल. मोजणी परवानाधारकाने करायची नाही आणि त्याच्या स्पर्धकानेही नाही. वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशन ही सरकारी संस्था देशात आहेच. तिचा भर आज अनधिकृत प्रक्षेपण आणि अडथळ्यांच्या तक्रारी यांवर आहे. तिला हे काम द्यावे, विद्यापीठे आणि अभियांत्रिकी महाविद्यालये जोडून घ्यावीत आणि आकडे सर्वांसाठी खुले ठेवावेत.

यावर पहिला आक्षेप संरक्षण दलांचा असणार: आमची यंत्रे कुठे बोलतात ते नकाशावर मांडणार का? आक्षेप रास्त आहे, पण अनुत्तरित नाही. अमेरिकेच्या सीबीआरएस नियमांनी ऐकणाऱ्या केंद्रांना सरकारी यंत्रणांच्या हालचालींची माहिती साठवायला आणि उघड करायला मनाई केली आहे. आपल्याकडे संरक्षणाचे पट्टे जाहीर नोंदीतून वगळता येतील. व्यापारी परवान्यांच्या पट्ट्यांना मात्र गुप्ततेची ढाल देण्याचे कारण नाही. कोण काय बोलतो ते ऐकायचेच नाही. किती ऊर्जा, कोणत्या वारंवारितेवर, किती वेळ, एवढेच नोंदायचे.

दुसरा आक्षेप उघड बोलला जात नाही. एकदा दुय्यमाला आत घेतले की तो हलणार नाही, अशी परवानाधारकांना धास्ती असते. कूळ लागेल म्हणून जमीन पडीक ठेवणारे मालक महाराष्ट्राने पाहिले आहेत. या भीतीवर उपाय बंदी हा नाही. दुय्यमाला मुदत घालून द्यावी आणि मालकाने खरोखर वापर सुरू केल्याचे मोजणीत दिसले की त्याला ठरलेल्या वेळेत बाजूला व्हायला लावावे. म्हणजे मोजणी मालकाच्याही उपयोगाची आहे. कॉग्निटिव्ह रेडिओ उभा करणाऱ्या अभियंत्यांवरही यात अन्याय नाही. त्यांचे उपकरण वही विचारेल, नोंदीतून शिकेल, वाहिनी बदलेल; मिटोला यांनी कल्पिलेला शहाणपणा त्यात पुरेपूर वापरता येईल. फक्त दुसऱ्याचा हक्क आहे की नाही याचा निवाडा त्या उपकरणाने एकट्याने करायचा नाही.

२०२३ च्या दूरसंचार कायद्याच्या कलम ७ ने दोन दारे उघडली आहेत. मूळ परवानाधारकाला घातक अडथळा येत नसेल तर तोच स्पेक्ट्रम सरकार दुसऱ्याला दुय्यम म्हणून देऊ शकते. आणि पुरेशा कारणाविना वापरात नसलेल्या स्पेक्ट्रमचे वाटप, म्हणणे ऐकून घेऊन, रद्द करू शकते. ‘वापरात नसलेला’ हे कोण मोजणार, कशाने मोजणार आणि मोजलेले आकडे कोणाला पाहता येणार, हे मात्र त्या कलमात लिहिलेले नाही. नियम करताना दूरसंचार विभागाने ते लिहावे, ट्रायने त्याचा आग्रह धरावा आणि नियमांचे मसुदे हरकतींसाठी जाहीर होतात तेव्हा कंपन्यांच्या वकिलांबरोबर आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी, ग्रामीण इंटरनेटसाठी धडपडणाऱ्या संस्थांनी आणि ग्रामपंचायतींनीही लेखी म्हणणे मांडावे.